चार मीटरची गोष्ट

गेले तीन वीकांत मी एकाच प्रश्नात अडकलो होतो. गाडी चार मीटरच्या आतली घ्यायची की चार मीटरच्या बाहेरची? म्हणजे नेक्सॉन-ब्रेझाच्या जातीतली की क्रेटा-सेल्टोसच्या? ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं मत ठाम, आणि प्रत्येकाचं वेगळं. एकाने तर एक्सेल शीटच पाठवली, तीही मॅक्रोसकट. असो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही मूळचे पोलादपूरच्या बाजूचे. आई-अण्णा तिथेच असतात, मी पुण्यात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दर दोन महिन्यांनी तिला पुण्यात दाखवायला आणावं लागतं. जुनी हॅचबॅक आता घाटात दुसऱ्या गिअरवर रडते. तेव्हा नवी गाडी हौसेसाठी नाही, गरजेसाठी हवी होती. आणि पैसे दोघांचे मिळून, थोडे माझे, बरेचसे अण्णांच्या फंडातले. म्हणून जरा जास्तच खोलात गेलो.

खोलात गेल्यावर पहिला प्रश्न पडला तो असा: ह्या सगळ्या गाड्या ३९९५ मिलिमीटरच्याच का? ब्रेझा ३९९५. वेन्यू ३९९५. नेक्सॉन ३९९५. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे इंजिनियर, आणि सगळ्यांचं उत्तर एकच? आमच्या धंद्यात असं दिसलं की समजायचं, कोणीतरी कुठेतरी एक आकडा हार्डकोड करून ठेवलाय.

तो आकडा ठेवला २००६ च्या अर्थसंकल्पाने. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. हेतू सरळ होता, लोकांनी छोट्या गाड्या घ्याव्यात आणि कंपन्यांनी त्या इथे बनवाव्यात. जपानने हेच १९४९ पासून 'केई' गाड्यांच्या बाबतीत केलंय. फरक एवढाच की जपानने लांबीबरोबर रुंदीलाही मर्यादा घातली. आज ती १.४८ मीटर आहे. आपण रुंदीबद्दल काहीच बोललो नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सुरू झाली कापाकापी. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी छाटून ३९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये मारुतीने डिझायरची शेपटी कापली, ४१६० वरून ३९९५. एसयूव्हीच्या बाबतीत पहिला मान मात्र आपल्या चिंचवडला जातो. पद्मिनीवाल्या प्रीमियरने २००९ च्या अखेरीस 'रिओ' काढली, चार मीटरच्या आतली. ती फारशी चालली नाही आणि आज कोणाला आठवतही नाही. महिंद्रांनी २०१२ मध्ये झायलो छाटून क्वांटो केली. खरा धमाका केला २०१३ च्या इकोस्पोर्टने, लांबी ३९९९! एका मिलिमीटरचा काठ. पाठोपाठ २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन.

पलीकडच्या बाजूला २०१२ मध्ये डस्टर आली आणि २०१५ मध्ये क्रेटा. दोन्ही सव्वाचार मीटरच्या वर. त्यांना कर जास्त, पण कापाकापी नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं शुल्क २७ चं ३० टक्के झालं, आणि एसयूव्हीची व्याख्याही आली: चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. म्हणजे आपल्याकडे एसयूव्ही कशाला म्हणायचं हे डोंगराने नाही, खजिन्याने ठरवलं.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात गंमत वाटली ती बोलेरोची. आमच्याकडे पोलादपूर स्टँडवरून गावाकडे जायचं म्हणजे एसटी, नाहीतर मिनीडोर, नाहीतर खाजगी जीप. बारा माणसं आत, दोन मागे लोंबकळत, टपावर तांदळाचं पोतं. त्या जीपचीच पुढची पिढी म्हणजे बोलेरो. २००० सालची ही गाडी, शहरातल्या फॅशनशी काही देणंघेणं नसलेली. पण २०१६ मध्ये तिलाही आकड्यापुढे मान तुकवावी लागली. बोलेरो पॉवर प्लस, लांबी ३९९५, इंजिन १४९३ सीसी. दिल्लीतल्या एका आकड्याने आमच्या वाडीवरच्या जीपचा बंपर छाटला. ह्याला म्हणतात धोरण झिरपणं.

२०१७ मध्ये जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ तशीच राहिली. मग २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. उपकर गेले आणि दोनच दर उरले: रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. समजा करापूर्वी गाडीची किंमत ८ लाख आहे. आतली पडेल ९ लाख ४४ हजारांना, बाहेरची ११ लाख २० हजारांना. म्हणजे पावणेदोन लाखांचा फरक निव्वळ रेघेचा. आणि नुसती लांबी पाहून चालत नाही हं. ब्रेझाचं १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन १२०० च्या वर, म्हणून लांबी बसूनही ती ४० मध्येच. नेक्सॉनचं १४९७ सीसीचं डिझेल मात्र आत बसतं.

आता ती रुंदी. मी गृहीत धरलं होतं की गावाकडच्या अरुंद रस्त्याला छोटी गाडी बरी. टेप घेऊन बसलो आणि गृहीतक कोसळलं. नेक्सॉनची रुंदी १८०४ मिलिमीटर, क्रेटाची १७९०. 'छोटी' गाडी मोठीपेक्षा रुंद! कर लांबीवर आहे, म्हणून कंपन्यांनी लांबी कापली आणि जागा रुंदीत नि उंचीत काढली. आंबेनळी घाटात समोरून एसटी आली की तुम्हाला लांबी वाचवत नाही, रुंदी वाचवते. म्हणजे घाटासाठी दोन्ही सारख्याच. जमिनीपासून उंचीही छोटीचीच जास्त, २०८ विरुद्ध १९०.

मग मोठीत जास्त काय मिळतं? दोन चाकांच्या मधलं अंतर २४९८ ऐवजी २६१०, म्हणजे ११ सेंटिमीटर. डिकी ३८२ लिटरऐवजी ४३३. ते ११ सेंटिमीटर मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या कामी येऊ शकतात. आणि गुडघा हाच तर आमचा प्रश्न होता.

इथपर्यंत येऊन मी मोठीकडे झुकलो होतो. खरं कारण वेगळंच होतं, ते कबूल करतो. जुलै २०२१. २२ तारखेला महाड पाण्याखाली होतं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. अण्णांचा फोन लागत नव्हता आणि पुण्यातून खाली उतरता येत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की मोठी, दणकट गाडी असती तर पोचलो असतो.

गणपतीत हे मी अण्णांना बोलून दाखवलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सावित्रीचा पूल गेला तेव्हा दोन एसट्या गेल्या रे. एसटीपेक्षा मोठी घेणार आहेस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ ची ती रात्र. ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस आणि एक तवेरा वाहून गेली. तवेरा चार मीटरच्या बाहेरचीच गाडी. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलतं, दोन फूट बहुतेक एसयूव्हींनाही. २०८ काय नि १९० काय, दोन्ही आठ इंचांच्या आसपासच. शिवाय ह्या दोन्ही जातींच्या गाड्या क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या पायावर बांधलेल्या उंच गाड्या. त्यांची उंची खड्ड्यांसाठी आहे, पुरासाठी नाही. इथल्या माणसाला जे वाचवतं ते गाडीच्या बाहेर असतं. २०१७ च्या जूनमध्ये उभा राहिलेला नवा पूल, कशेडीचा बोगदा, वेळेवर बंद केलेला वरंधा घाट, आणि पाऊस लागला की घरातून न निघण्याची अक्कल. त्या दिवशी मी मोठ्या गाडीतून निघालो असतो तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी चार वर्षं केलाच नव्हता.

राहिला गुडघा. त्याचंही उत्तर अण्णांनीच दिलं. "तुझी आई पुढे बसेल. मी बसतो मागे." आता ही गोष्ट तुम्हाला साधी वाटेल. पण आमच्या घरात पुढची सीट अण्णांची, हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग पट्टा लावायला शिकवा मला." विषय संपला.

तर मंडळी, चार मीटरच्या आतली डिझेल घेतली. वाचलेल्या पैशातून काही आईच्या फिजिओथेरपीला बाजूला काढले आणि बाकीचे अण्णांच्या फंडात परत. पावसाळ्यातल्या तपासण्या डॉक्टरांना विचारून मे आणि ऑक्टोबरमध्ये हलवल्या.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. मागे रोज तीन मोठी माणसं बसणार असतील, तर ते ११ सेंटिमीटर पावणेदोन लाखांच्या लायकीचे असतीलही. फक्त एक करा. शोरूममध्ये जाताना टेप न्या, आणि मागच्या सीटवर जो बसणार आहे त्यालाही न्या.