इंग्रजी यमकशब्द : उच्चार, अर्थ आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी माध्यमातून शिक्षण घेऊन महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी कविता अभ्यासताना यमकाच्या बाबतीत दुहेरी अडचण येते. ज्या दोन शब्दांची अखेरची अक्षरे सारखी दिसतात त्यांचे उच्चार जुळत नाहीत आणि ज्यांचे उच्चार जुळतात त्यांची अक्षरे पुष्कळदा वेगळी असतात. देवनागरी लिपीत वाढलेल्या मनाला हे विचित्र वाटते. मराठीतही लेखन आणि उच्चार यांत थोडे अंतर आहेच. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील 'ज' सारखाच लिहिला जातो, पण सारखा उच्चारला जात नाही. तथापि अशी उदाहरणे मोजकी आहेत. इंग्रजीत मात्र हे अंतर पदोपदी आढळते. ते का निर्माण झाले, याचे उत्तर व्याकरणापेक्षा इतिहासात अधिक मिळते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) इंग्रजी काव्यात यमकाचा प्रवेश कसा झाला हे पाहणे.
२) जुन्या यमकजोड्यांचा उच्चाराच्या इतिहासाचे साधन म्हणून विचार करणे.
३) यमककोशांच्या परंपरेचा आढावा घेणे.
४) यमकाची शुद्धाशुद्धता आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचा संबंध तपासणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंग्रजी शब्दांचे देवनागरीतील उच्चार स्थूलमानाने दिलेले आहेत.

यमकाचे आगमन :

यमक हे इंग्रजी काव्याचे मूळचे अंग नव्हे. प्राचीन इंग्रजी काव्याची रचना अंत्ययमकावर नव्हे, तर शब्दारंभीच्या ध्वनीच्या आवृत्तीवर म्हणजे आद्यानुप्रासावर आधारलेली होती. 'बेओवुल्फ' हे महाकाव्य याचे ठळक उदाहरण होय. दहाव्या शतकातील 'एक्सिटर बुक' या हस्तलिखितात यमकयुक्त अशी एक कविता सापडते. परंतु तो अपवाद आहे. लॅटिन स्तोत्रे आणि इ.स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबारात रूढ झालेले फ्रेंच काव्य यांच्या प्रभावातून इंग्रजीत अंत्ययमक स्थिरावले. चौदाव्या शतकात चॉसरने यमकबद्ध द्विपदीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच काळात उत्तर व पश्चिम इंग्लंडमधील कवी जुन्या अनुप्रासप्रधान रचनेचेही पुनरुज्जीवन करीत होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

यमकाविषयी इंग्रजी साहित्यिकांत एकमत कधीच नव्हते. इ.स. १६०२ मध्ये टॉमस कॅम्पियनने यमकाविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि पुढच्याच वर्षी सॅम्युएल डॅनिएलने यमकाच्या समर्थनार्थ तिला उत्तर दिले. मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य निर्यमक रचले आणि इ.स. १६६८ मध्ये त्याला जोडलेल्या टिपणात यमकाला रानटी युगाची निर्मिती ठरविले. 'राइम' या शब्दाचे वर्णलेखनही असेच वादग्रस्त आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला व साध्या रीतीने लिहिला जात असे. पुढे 'ऱ्हिदम' (लय) या ग्रीकोद्भव शब्दाच्या अनुकरणाने त्यात 'एच' आणि 'वाय' ही अक्षरे शिरली. ध्वनिसाम्य दर्शविणाऱ्या शब्दाचे लेखनच ध्वनीपासून दूर जावे, हा एक योगायोगच म्हणावा लागेल.

यमकाची साक्ष :

गतकाळातील उच्चार ऐकण्याचे कोणतेही यंत्र इतिहासकाराजवळ नसते. त्यामुळे कवीने ज्या शब्दांची यमके जुळविली ती यमके म्हणजे त्या काळच्या उच्चाराचा लेखी पुरावा ठरतात. 'ब्लड' (रक्त), 'गुड' (चांगले) आणि 'फूड' (अन्न) या तीन शब्दांत दोन 'ओ' आणि एक 'डी' ही अक्षरे समान आहेत. आज तिघांचे स्वर तीन प्रकारचे आहेत. परंतु चॉसरच्या काळी या तिन्ही शब्दांत दीर्घ 'ओ' हाच स्वर होता. पुढे तो दीर्घ 'ऊ' झाला. नंतर 'ब्लड'मधील स्वर लवकर ऱ्हस्व होऊन अखेर 'अ'काराकडे वळला. 'गुड'मधील स्वर उशिरा ऱ्हस्व झाल्याने 'उ' म्हणून टिकला आणि 'फूड'मधील स्वर दीर्घच राहिला. एकाच घरातील तीन भावंडे वेगवेगळ्या गावी स्थायिक व्हावीत, तसा हा प्रकार आहे.

या बदलांचा मोठा भाग ज्या प्रक्रियेत मोडतो तिला येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने इ.स. १९०९ मध्ये 'महास्वरसंक्रमण' या अर्थाचे नाव दिले. स्थूलमानाने इ.स. १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. जुना 'ई' हा 'आय' झाला, 'ऊ' हा 'आउ' झाला, 'ए' चा 'ई' झाला आणि 'ओ' चा 'ऊ' झाला. 'हाउस' (घर) हा शब्द पूर्वी 'हूस'सारखा आणि 'मून' (चंद्र) हा 'मोन'सारखा उच्चारला जाई. याच संक्रमणकाळात, इ.स. १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये मुद्रणालय सुरू केले. छापील पुस्तकांमुळे वर्णलेखन हळूहळू स्थिर होऊ लागले. उच्चार मात्र चालतच राहिला. आजच्या इंग्रजी स्पेलिंगमधील विसंगतीचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

अठराव्या शतकातील अलेक्झांडर पोपच्या काव्यातही असाच पुरावा आहे. 'द रेप ऑफ द लॉक' या काव्याच्या इ.स. १७१४ च्या आवृत्तीत 'टी' (चहा) या शब्दाचे यमक 'ओबे' (आज्ञा पाळणे) या शब्दाशी जुळविलेले आहे. याचा अर्थ चहाला त्या वेळी 'टे' म्हणत असत. हा शब्द चीनच्या फुच्येन प्रांतातील 'ते' या उच्चारावरून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेला. आपला 'चहा' हा शब्द चीनमधीलच 'चा' या दुसऱ्या उच्चारापासून आला आहे. एका यमकामागे व्यापाराचा इतिहास कसा दडलेला असतो, हे यावरून दिसते. पोपनेच 'जॉइन' (जोडणे) आणि 'लाइन' (ओळ) यांचे यमक साधले आहे. कारण त्या काळी 'जॉइन'चा उच्चार 'जाइन'च्या जवळचा होता. पुढे सुशिक्षितांनी स्पेलिंगकडे पाहून उच्चार बदलला.

शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी निम्म्याहून अधिक सुनीतांत आजच्या उच्चाराने न जुळणारी यमके आहेत. 'लव्ह' (प्रेम) आणि 'प्रूव्ह' (सिद्ध करणे) ही त्यांतील प्रसिद्ध जोडी होय. डोळ्यांना जुळणाऱ्या व कानाला न जुळणाऱ्या अशा जोडीला 'दृश्य यमक' असे म्हणतात. परंतु आज जे दृश्य यमक वाटते ते पुष्कळदा मूळचे खरेखुरे श्राव्य यमकच होते. इ.स. २००४ मध्ये लंडनच्या ग्लोब रंगभूमीवर भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या मार्गदर्शनाखाली 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे प्रयोग जुन्या उच्चारांत सादर झाले. त्या पुनर्रचनेत यमकांचा पुरावा महत्त्वाचा होता.

तथापि यमकाची साक्ष ही एकमेव साक्ष मानता येत नाही. कवी परंपरेने चालत आलेली जोडी उच्चार बदलल्यावरही वापरतो. 'विंड' (वारा) हा शब्द बोलण्यात ऱ्हस्व झाल्यानंतरही काव्यात 'माइंड' (मन) या शब्दाशी दीर्घकाळ जुळविला गेला. म्हणून जॉन हार्ट (इ.स. १५६९) आणि अलेक्झांडर गिल (इ.स. १६१९) यांच्यासारख्या तत्कालीन उच्चारतज्ज्ञांचे ग्रंथ व अल्पशिक्षितांच्या पत्रांतील स्पेलिंगच्या 'चुका' यांच्याशी यमके ताडून पाहावी लागतात.

यमककोशांची परंपरा :

यमकशब्दांचा संग्रह करण्याची कल्पना इंग्रजीत जुनी आहे. पीटर लेव्हिन्सने इ.स. १५७० मध्ये 'मॅनिप्युलस व्होकॅब्युलोरम' हा कोश प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी शब्द त्यांच्या अखेरच्या अक्षरांनुसार लावून लॅटिन प्रतिशब्द दिलेले होते. जोशुआ पूलचा 'इंग्लिश पार्नासस' (इ.स. १६५७) आणि एडवर्ड बिशचा 'आर्ट ऑफ इंग्लिश पोएट्री' (इ.स. १७०२) या ग्रंथांतही यमकांच्या याद्या आहेत.

या परंपरेतील सर्वाधिक प्रभावी ग्रंथ म्हणजे जॉन वॉकरचा इ.स. १७७५ चा कोश होय. वॉकर हा पूर्वाश्रमीचा नट आणि नंतरचा वक्तृत्वशिक्षक. त्याने शब्द उलट्या वर्णक्रमाने, म्हणजे शेवटच्या अक्षराकडून लावले, त्यांचे अर्थ दिले आणि यमकांची सूची जोडली. या सूचीत त्याने 'पूर्ण' आणि 'चालण्यासारखी' असा यमकांचा भेद केला. हा भेद आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कानाला जे जुळते ते यमक, एवढ्यावर न थांबता कोणते यमक चालते आणि कोणते चालत नाही याचा निवाडा आता कोशकार करू लागला. हा कोश कवींच्या हाती इतका रुळला, की बायरनने 'बेपो' (इ.स. १८१८) या काव्यात वॉकरच्या कोशाचा विनोदाने उल्लेख केला आहे.

यमक आणि सामाजिक प्रतिष्ठा :

निवाडा आला की निवाडा देणाऱ्याचा वर्गही आला. ऑगस्ट १८१८ मध्ये 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये जॉन गिब्सन लॉकहार्टने 'झेड' या टोपणनावाने जॉन कीट्सच्या काव्यावर कठोर टीका केली. कीट्स हा लंडनमधील घोड्यांच्या तबेल्याचे काम पाहणाऱ्या गृहस्थाचा मुलगा होता व त्याने औषधविद्येचे शिक्षण घेतले होते. त्याने आपल्या दुकानातील गोळ्या-मलमांकडे परत जावे, असे लॉकहार्टने सुचविले. त्याची व त्याच्या मित्रांची यमके 'कॉकनी' म्हणजे लंडनच्या सामान्य वस्तीतील बोलीची आहेत, हा या टीकेचा एक भाग होता.

कीट्सने 'थॉट्स' (विचार) व 'सॉर्ट्स' (प्रकार), तसेच 'फॉन्स' (हरणाची पाडसे) व 'थॉर्न्स' (काटे) अशा जोड्या जुळविल्या होत्या. स्वरानंतरच्या 'आर'चा उच्चार करणाऱ्याला ही यमके सदोष वाटतात. परंतु लंडनमध्ये हा 'आर' लोपत चालल्याची नोंद प्रत्यक्ष वॉकरनेच इ.स. १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात केलेली होती. म्हणजे कीट्सचा कान चुकलेला नव्हता. तो आपल्या शहराचा प्रत्यक्ष उच्चार लिहीत होता. पुढे इंग्लंडच्या प्रमाण उच्चारातूनही हा 'आर' गेला. भारतातील पाठ्यपुस्तके ज्या ब्रिटिश प्रमाण उच्चाराला आदर्श मानत आली, त्या उच्चारात 'फॉन्स' आणि 'थॉर्न्स' हे निर्दोष यमक आहे! बहुतेक अमेरिकन उच्चारात मात्र ते आजही जुळत नाही. यावरून असे म्हणता येईल, की कीट्सच्या यमकांवरील आक्षेप ध्वनीपेक्षा त्याच्या सामाजिक स्थानावरच अधिक होता.

लंडनच्या याच सामान्य वस्तीने पुढे यमकाचा एक वेगळाच उपयोग केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व लंडनमधील फेरीवाले व रस्त्यावरचे विक्रेते यांच्यात 'यमकी बोली' रूढ झाली. जॉन कॅम्डन हॉटनने इ.स. १८५९ च्या आपल्या बोलीकोशात तिची यादी दिली आहे. या बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक साधणारा शब्दसमूह योजतात. 'स्टेअर्स' (जिना) ऐवजी 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणजे सफरचंदे आणि नासपती. 'हेड' (डोके) ऐवजी 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे पावाचा लादा. पुढे यमक साधणारा शब्दच गाळला जातो आणि 'लोफ' एवढाच उरतो. म्हणून 'आपला लोफ वापर' याचा अर्थ 'डोके चालव' असा होतो. यमक अदृश्य झाले, पण अर्थ त्यानेच घडविला. ज्या बोलीला कोशकारांनी अशुद्ध ठरविले, तिच्यातील असे शब्द आज सर्वसामान्य ब्रिटिश इंग्रजीत मिसळले आहेत.

मराठी संदर्भ :

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षणामुळे या काव्याचा महाराष्ट्राशी संबंध आला. पॅलग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी' (इ.स. १८६१) या संग्रहाचा केशवसुत व त्यांच्या पिढीवरील प्रभाव सर्वज्ञात आहे. केशवसुतांनी इ.स. १८९२ मध्ये 'मयूरासन आणि ताजमहाल' ही कविता लिहून सुनीत हा यमकबद्ध प्रकार मराठीत आणला. यमकाची आकृती मराठीत आली. तिच्यामागील उच्चारांचा इतिहास मात्र आपल्या वर्गखोल्यांत फारसा आला नाही. यमकशब्दांच्या याद्या पाठ करविल्या जातात, पण त्या शब्दांचे उच्चार केव्हा जुळत होते आणि केव्हापासून जुळेनासे झाले हे सांगितले जात नाही. परिणामी 'ब्लड'चा उच्चार 'ब्लूड' करणाऱ्या विद्यार्थ्याला हसे सोसावे लागते. वास्तविक त्याने स्पेलिंगवर विश्वास ठेवलेला असतो आणि ते स्पेलिंग एका जुन्या उच्चाराचे प्रामाणिक स्मारक असते.

निष्कर्ष :

१) इंग्रजी यमकजोड्या या काव्यालंकाराबरोबरच उच्चाराच्या इतिहासाची साधनेही आहेत, मात्र त्यांची पडताळणी इतर पुराव्यांनी करणे आवश्यक आहे.
२) न जुळणारी अनेक यमके ही कवीची चूक नसून कालांतराने झालेल्या ध्वनिबदलाची खूण आहेत.
३) यमककोशांनी शब्दांचे अर्थ व उच्चार यांचे संकलन केले, त्याचबरोबर शुद्धाशुद्धतेचा अधिकारही निर्माण केला.
४) यमकाची 'शुद्धता' ही बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानाशी निगडित राहिली आहे. कीट्सच्या काळी हिणविला गेलेला उच्चार पुढे प्रमाण ठरला.
५) महाविद्यालयीन अध्यापनात यमकशब्द हे उच्चार, अर्थ आणि काळ या तिन्ही अंगांनी शिकविल्यास मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची इंग्रजीविषयीची भीती कमी होण्यास मदत होईल. आपला उच्चार वेगळा आहे म्हणजे आपली बुद्धी उणी आहे, असा समज त्याने करून घेण्याचे कारण नाही. इंग्रजी भाषेचा इतिहास त्याच्याच बाजूने साक्ष देतो.