विणकरांच्या खिडकीतील फुले

वसंताच्या व्याख्यानांत कामगार चळवळीतल्या माणसाने फुलझाडांवर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. संप, पगार, बोनस हे आमचे नेहमीचे विषय. परंतु कुंडीतल्या झाडाचा इतिहास आम्ही वाचू लागलो, तेव्हा तो फिरून फिरून आमच्याच विषयापाशी येऊन थांबला. तो कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

बाग म्हटली की राजेरजवाडे आठवतात. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडात नामांकित फुले वाढविणाऱ्यांत हातमागावर पोट भरणारे विणकर मोठ्या संख्येने होते. लँकेशायरचे विणकर ऑरिक्युलासाठी प्रसिद्ध, तर स्कॉटलंडातील पेस्ली गावचे मलमल विणणारे कार्नेशनच्या कुळातील ‘पिंक’ या फुलासाठी. पाकळीच्या कडेला मलमलीच्या जाळीसारखी गडद किनार असलेले पिंक त्यांनी निपजविले. मागावर बसलेला डोळाच कुंडीतही बसला होता, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या मंडळ्या खाणावळीत वा दारूच्या गुत्त्यात भरत, आणि उत्कृष्ट फुलाला बक्षीस म्हणून पुष्कळदा तांब्याची किटली मिळे. १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेरी बार्टन’ या कादंबरीत एलिझाबेथ गॅस्केल यांनी ओल्डहॅमकडील विणकरांची हकीकत दिली आहे. वनस्पतींची शास्त्रीय वर्गवारी त्यांना अवगत असे. आम्हीही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे काही शिकलो ते रात्रीच्या दिव्याखाली. म्हणून ही माणसे आम्हांस सख्ख्या भावासारखी वाटतात.

आता हे झाड विणकरांच्याच घरी का रमले? ऑरिक्युला मूळचे आल्प्स पर्वतातले. त्याच्या प्रदर्शनी जातींच्या पानाफुलांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते, आणि पावसाचा एक शिडकावा पडला की ती धुऊन जाते. म्हणून सर आली की कुंडी आत घ्यावी, ऊन तापले की सावलीत सरकवावी, बाकी वेळ मोकळी हवा द्यावी. फेब्रुवारीत थंडी ओसरू लागली की कुंडीतली वरची माती काढून कुजलेले खत घातलेली नवी माती भरावयाची, आणि पाणी हळूहळू वाढवीत न्यावयाचे. मग एप्रिल-मे महिन्यांत फुले. यात पैसा थोडा लागतो, परंतु दिवसातून दहा वेळा उठावे लागते. हातमाग घरातच होता. ढग दिसला की विणकर उठे, कुंड्या आत घेई आणि पुन्हा मागावर बसे.

ते सुवर्णयुग होते, असे आम्ही म्हणत नाही. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी मानेवर असे, लहान मुलेही कामाला जुंपलेली असत. परंतु केव्हा उठावे आणि केव्हा बसावे, हे त्याच्या हाती होते. यंत्रमाग आले आणि तेच गेले. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे २,४०,००० हातमाग विणकर होते. १८५० पर्यंत त्यांतील बहुतेक नाहीसे झाले. त्यांची मुले गिरणीच्या फाटकाआड गेली. आता दुपारी सर आली तर कुंडी कोण उचलणार? वर गिरण्यांचा धूर होताच.

तरीही फुले मेली नाहीत. १८४७ साली स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला आणि १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला त्यांचे काम थांबू लागले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसे, म्हणून पुरुषांनाही ती सवड मिळाली. वेकफील्ड येथे १८३६ साली स्थापन झालेली ट्यूलिप मंडळी आजही प्रदर्शन भरविते, आणि फुले मांडते ती साध्या बिअरच्या बाटल्यांत!

आमच्या मुंबईकडे वळू. येथे पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. कोकणातून, घाटावरून आलेला शेतकरी चाळीच्या खोलीत राहू लागला आणि गॅलरीत तुपाच्या डब्यात तुळस लावू लागला. परंतु त्या तुळशीला त्याने दिवसाउजेडी पाहावे केव्हा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या केल्या, त्यांत आठवड्याची सुटी होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. ही सुटी कोणी दान दिलेली नाही, हे रविवारी झाडाला पाणी घालताना आठवावे.

येथे आमचीच एक चूक कबूल करतो. तीस वर्षांपूर्वी फाटकावरची सभा अर्धी सोडून एक वयस्क साचेवाले उठले. ‘काका, कुठे निघालात?’ असे विचारता ते म्हणाले, ‘मोगऱ्याला पाणी घालायचंय रे, दिवसभर उन्हात तापलाय.’ आम्ही सर्वांसमक्ष त्यांची टर उडविली. पुढे ती गिरणी बंद पडली. काकांना भेटावयास गेलो, तेव्हा त्यांनी काही न बोलता ओंजळभर कळ्या आमच्या हातावर ठेवल्या. आपण माणसाच्या कोणत्या तासांसाठी भांडतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

त्यांनीच शिकविलेले आपणांस सांगतो. डब्याच्या बुडाला भोक पाडून त्यावर खापराचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी तुंबत नाही. माघात मोगऱ्याचे पाणी काही दिवस कमी करून फांद्या तिसरा हिस्सा छाटाव्या, माती उकरून चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. फूल नव्या फुटीवर येते. चैत्रात पत्र्याचा डबा तापून मुळे भाजतात, म्हणून त्याला ओले गोणपाट गुंडाळावे. पाणी सकाळी लवकर घालावे. परंतु बोट मातीत खुपसून पाहावे आणि ओल लागली तर थांबावे.

आधी भाकर, मग फूल, असे आम्ही पूर्वी म्हणत असू. आज म्हणतो, भाकरीसाठी भांडताना फुलापुरता वेळही मागून घ्यावा. ज्याच्यापाशी कुंडी उचलण्याइतका वेळ नाही, त्याची मजुरी कितीही वाढली तरी ती अपुरीच आहे.