पुण्याचा विसरलेला क्लब

आज गप्पा फुटबॉलच्या, पण मँचेस्टर-माद्रिदच्या नाही, आपल्या बालेवाडीच्या.

२००७ मध्ये अशोक पिरामल ग्रुपने पुणे एफसी काढला. सेकंड डिव्हिजन खेळून टीम वर आली आणि २००९-१० मध्ये, आय-लीगच्या पहिल्याच मोसमात, थेट तिसरी! कोच गोव्याचे डेरिक परेरा. याच डेरिकनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला नॅशनल फुटबॉल लीग जिंकून दिली होती. तो क्लब कंपनीने २०१० मध्ये बंद केला. हो, चॅम्पियन झालेला क्लब.

२०१२-१३ मध्ये पुणे एफसी उपविजेता ठरला, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. मग २०१४ मध्ये आयएसएल आली. बालेवाडीतच दुसरा क्लब उभा राहिला, एफसी पुणे सिटी. हृतिक रोशन मालकांपैकी एक, म्हणजे कॅमेरे कुठे वळले सांगायला नको. २०१५ नंतर पुणे एफसीची टीम आय-लीगमध्ये दिसलीच नाही. अकादमी पुणे सिटीने घेतली. पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये सेमीफायनल गाठली, आणि २०१९ मध्ये तोही क्लब संपला.

मला विचाराल तर यातलं कुणीच हरलं म्हणून बंद पडलं नाही. आपल्याकडे क्लब तिकिटांवर नाही, मालकाच्या खिशावर चालतो. आमच्या आयटीतही चालू प्रोजेक्टचं बजेट क्लायंट काढून घेतो. पण आम्ही बेंचवर बसतो, पगार चालू राहतो. अकादमीतल्या सतरा वर्षांच्या पोराला बेंच कुठला?

लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी २०२१-२२ मध्ये चॅम्पियन झाला.