शेनिन ब्लांक : एका पाहुण्या वेलीची ओळख

माघ-फाल्गुनात डभोईच्या बाजारात नाशिककडची द्राक्षे येतात. लांबट मण्यांची, बिनबियांची, हिरवट पिवळी. ही द्राक्षे आपणां सर्वांच्या ओळखीची आहेत. परंतु त्याच नाशिक जिल्ह्यात, त्याच हंगामात, आणखी एक पांढरे द्राक्ष पिकते आणि ते डभोईच्याच काय, नाशिकच्याही फळबाजारात सहसा दिसत नाही. त्याचे नाव शेनिन ब्लांक. ते वाईनचे द्राक्ष आहे. आम्ही दारूबंदीच्या राज्यात आयुष्य काढले. तेव्हा त्याच्या वाईनची चव कशी असते, हे सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. पण वाणाची ओळख केवळ पेल्यातून होते असे थोडेच आहे? ते कोठून आले, आपल्या मातीत कसे रुजले आणि ज्याने ते लावले त्याच्या पदरात काय पडले, हे पाहिले तरी पुरेशी ओळख होते. किंबहुना तीच खरी ओळख, असे आम्हांस वाटते.

या वेलीचे माहेर फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे. तेथील आंजू आणि तुरेन या प्रांतांत ती कित्येक शतके लावली जात आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक राबले याच्या ‘गार्गांत्युआ’ या ग्रंथात या द्राक्षाचा उल्लेख येतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. द्राक्षांची राखण करणारे मेंढपाळ आणि पाव विकणारे यांच्यात मारामारी होते, एक मेंढपाळ जखमी होतो, आणि त्याच्या पायांना शेनिनच्या टपोऱ्या द्राक्षांचा शेक दिला जातो. म्हणजे दारूबंदीच्या राज्यातील वाचकानेही निःशंकपणे वाचावे, असा हा उल्लेख आहे.

ल्वारच्या खोऱ्यातून हे वाण दूर गेले ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला. डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान फान रीबेक याने १६५५ मध्ये केपच्या वसाहतीत द्राक्षवेली आणवल्या, आणि १६५९ च्या फेब्रुवारीत तेथे पहिली वाईन तयार झाली. त्या पहिल्या वेलींत शेनिनही असावी, असे मानले जाते. पुढे तेथे ती ‘स्टीन’ या नावाने इतकी रुळली, की तिचे मूळ नावच लोक विसरले. स्टीन म्हणजेच शेनिन, हे १९६० च्या दशकात अभ्यासकांनी पाने, घड व मणी ताडून पाहिले तेव्हा ठरले. आज या वाणाचे सर्वाधिक क्षेत्र फ्रान्समध्ये नसून दक्षिण आफ्रिकेत आहे. लेक सासरी जाऊन नाव बदलते आणि तेथेच तिचा मोठा वंशविस्तार होतो, तसाच हा प्रकार.

आता आपल्याकडे वळू. दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादेत द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे नोंदवून ठेवले आहे. या नोंदीचे मर्म आजच्या बागाइतदारास चटकन समजेल. युरोपात हिवाळ्याच्या थंडीत वेल पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे वेलीला तशी झोप लागतच नाही. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोन छाटण्या करतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, ती नव्या काडीसाठी. आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, ती घडासाठी. छाटण्या दोन, पण पीक एक. ल्वारच्या खोऱ्यातील शेनिन साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीला येते. त्याच सुमारास नाशिकच्या शेनिनची गोडी छाटणी चालू असते, आणि तिचे घड जानेवारीपासून मार्चपर्यंत उतरतात. वेल तीच, पंचांग मात्र तिला नवे शिकावे लागले.

महाराष्ट्रात आधुनिक वाईनउद्योगाचा पाया १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी घातला. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये शेनिन ब्लांक व सोविन्यों ब्लांक या दोन पांढऱ्या वाणांची लागवड केली, आणि २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. शेनिनचीच निवड का व्हावी, याला कारण आहे. उष्ण प्रदेशात द्राक्षात साखर लवकर भरते, पण आंबटपणा झपाट्याने उतरतो, आणि पांढऱ्या वाईनला तो आंबटपणा अत्यावश्यक असतो. शेनिन उन्हातही आपला आंबटपणा बऱ्यापैकी टिकवून धरते. शिवाय वेल जोमदार असून उत्पन्न चांगले देते. दोष असा, की घड घट्ट असतो. मण्यांमध्ये हवा खेळत नाही. अवकाळी पाऊस आला की कूज शिरते. भुरीचीही धास्ती असतेच.

येथे एका फरकाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील बोरगावच्या बागेत थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निघाले. सोलापूरजवळच्या नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ निवडले. ही वाणे शेतकऱ्यांनी आपल्या बागेत हेरली आणि त्यांना आपली नावे दिली. खाण्याच्या द्राक्षाच्या बाबतीत मराठी शेतकरी असा जाणता धनी होता. वाईनच्या द्राक्षाचे तसे नव्हते. नाव परके, वापर परका, आणि भाव ठरविणाराही दुसराच. शेनिनचा मणी लहान, त्यात बिया. फळगाडीवर त्याला गिऱ्हाईक नाही, बेदाण्यालाही ते सोयीचे नाही. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा आहे, मुंबई नाही तर कोलकाता आहे, काहीच नाही तर बेदाणा आहे. शेनिनला एकच दार : वायनरीचे.

हे दार बंद झाले तर काय होते, हे पाहण्यास फार काळ थांबावे लागले नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारण्याचे ठरले. वायनऱ्या भराभर निघाल्या, वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली. २००८ मध्ये जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, पर्यटन बसले, आणि वाईनचा खप घटला. टाक्यांत जुना माल शिल्लक असता नवे द्राक्ष कोण घेणार? काही वायनऱ्या बंद पडल्या, काहींकडे शेतकऱ्यांची बिले अडकली. अनेकांनी वाईनच्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वेल लावल्यावर पहिले पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि मांडव, तारा, ठिबक यांचे कर्ज त्याआधीच डोक्यावर असते. तेव्हा वेल काढणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पुढे उद्योग सावरला आणि नाशिकमध्ये शेनिन पुन्हा लावली गेली. पण तो धडा विसरता कामा नये.

डभोईच्या माणसाने याची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांचा दारूबंदीचा कायदा मुळात एकच, मुंबई राज्याचा १९४९ चा. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि एकाच कायद्याचे दोन संसार झाले. एका घरात परवान्यांची वाट रुंद होत गेली, दुसऱ्यात दार बंद राहिले. त्या दारालाही डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती फट पडली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे कारण पुढे केले गेले. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला, आणि अंमलबजावणी रखडली. व्यसनाची भीती खोटी नाही. आम्ही ती हलकी लेखीत नाही. पण या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले, आणि वायनरीने माल न उचलल्यास त्याचे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आमच्या या गावाने पिकाचा आणि बाजाराचा संबंध फार पूर्वी पाहिला आहे. १८६२ मध्ये गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची आगगाडी बांधली. आरंभी ती बैल ओढीत. इंजिन नियमितपणे धावू लागले ते १८७३ पासून. कापूस व इतर शेतमाल त्या वाटेने मुख्य लोहमार्गाला आणि तेथून मुंबईला जाई. पीक आधीच होते. रुळांनी त्याला अनेक गिऱ्हाइकांपर्यंत नेले. शेनिनच्या बाबतीत क्रम उलटा झाला. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर पीक लावले गेले.

सरकारी कामकाजात आयुष्य गेलेल्या आम्हांस यावर फार मोठा उपाय सुचत नाही, साधाच सुचतो. ज्या पिकाला एकच दार आहे, त्याची लागवड लेखी कराराखेरीज होऊ नये. करारात किमान भाव असावा, माल न उचलल्यास भरपाई असावी, आणि तो करार शेतकऱ्याला वाचता येईल अशा मराठीत असावा. सवलत घेणाऱ्या कारखान्यावर शासनाने एवढी अट घालणे मुळीच जड नाही.

शेनिन ब्लांक हे वाण गुणी आहे. तीन खंडांच्या मातीत ते रुजले, नाव बदलूनही टिकले, आणि आमच्या दख्खनचे दोन छाटण्यांचे पंचांगही शिकले. वेलीने आपले काम चोख केले आहे. तिच्याभोवतीचा व्यवहार तितकाच चोख करणे, हे माणसांचे काम उरले आहे.