'वेंधळा' नव्हे तो! लक्ष न टिकण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास आणि आपली तीन शहरं

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस असतो. खात्यात पैसे असतात, तरी वीजबिलाची तारीख उलटते. पास संपलाय हे त्याला टीसीने अडवल्यावर कळतं. घरातून निघाला की एकदा किल्लीसाठी आणि एकदा डब्यासाठी परत येतो. तीन कोर्स अर्धवट सोडलेले. दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर त्याच्यासारखा चलाख कोणी नाही. पण महिन्याचा हिशेब लिहायला बसवा, दहा मिनिटांत उठून दुसरंच काहीतरी करत असतो. घरात त्याला वेंधळा म्हणतात, ऑफिसात बेजबाबदार. चाळिशी येईपर्यंत तो स्वतःलाही तेच म्हणायला लागतो.

आणि ती बाई असेल तर? गॅसवर दूध उतू गेलं, मुलाच्या शाळेची फी राहिली, की "हिचं घरात लक्षच नाही" एवढं म्हणून विषय संपतो.

यातल्या काही जणांना एडीएचडी असतो. लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात मेंदूच्या पातळीवरच अडचण येते, असा हा विकार. नाव काढलं की दोन उत्तरं हमखास येतात. एक, "हे लहान मुलांचं असतं." दोन, "हे सगळं मोबाइलने झालंय." दोन्ही उत्तरं चुकीची कशी, हे सांगायला थोडा इतिहास बघावा लागेल.

मन भटकतं ही तक्रार तर फार जुनी. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायात, अर्जुनाचा सवाल असा आहे की माकडाला कधी समाधी लागेल का, आणि सोसाट्याचा वारा 'थांब' म्हटल्यावर थांबेल का? म्हणजे चंचल मन हे सगळ्या माणसांचंच लक्षण. पण काही जणांचं चंचलपण इतरांपेक्षा इतकं जास्त असतं की रोजचं जगणंच अडतं. हा फरक वैद्यकाने टिपला तो १७९८ मध्ये. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. त्या वर्षी अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने मनाच्या आजारांवर ग्रंथ छापला आणि त्यात एक प्रकरण फक्त 'लक्ष' या विषयावर लिहिलं. काही माणसं अशी असतात की कोणी दार लावलं, टेबल सरकवलं, खोलीत येरझाऱ्या घातल्या, एवढ्यानेही त्यांचं लक्ष पार उडतं, असं त्याचं निरीक्षण. मोबाइल सोडा, तेव्हा आगगाडीसुद्धा नव्हती!

पण त्याच क्रिक्टनने असंही लिहिलं की वय वाढलं की हे सहसा कमी होतं. "मोठा झाला की सुधारेल" हा समज तेव्हापासूनचा.

पुढे १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःवर ताबा नाही. स्टिलने याला 'नैतिक नियंत्रणाचा दोष' म्हटलं. शब्द नीट वाचा, 'नैतिक'. डॉक्टरच्या तोंडूनसुद्धा दोष चारित्र्यावर गेला. आपण आज "आळशी आहे, दुसरं काही नाही" म्हणतो, ते याच्यापेक्षा फार वेगळं नाही.

आता जरा आपल्याकडे येऊ. कल्याणच्या पुढे पळसदरीपर्यंत रेल्वे आली १८५६ मध्ये, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या शेतांमधून गाडी जायला लागून आता १६० वर्षांहून जास्त काळ झाला. गाडीबरोबर घड्याळ आलं, आणि तेही एक नव्हे. मुंबई शहर चालायचं मुंबईच्या वेळेवर, रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. मग १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. म्हणजे भोंगा तेवढ्याच आकड्यावर वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी कामावर हजर व्हायचं. त्या जानेवारीत मुंबईचे गिरणी कामगार याविरुद्ध भडकले. पुढे कित्येक वर्षं शहरात 'मुंबईची वेळ' हट्टाने पाळली गेली.

हे का सांगतोय? कारण शेतात पाऊस, ऊन, बैल यांच्या तालावर काम करणाऱ्याला दहा मिनिटांचा उशीर हा गुन्हा नव्हता. भोंगा आणि टाइमटेबल आलं आणि तो गुन्हा झाला. पगार कापला जाऊ लागला. अंबरनाथला पुढे काडेपेटीचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, एमआयडीसी आली. मेंदू तेच राहिले, पण त्यांच्याकडून मिनिटामिनिटाचा हिशेब मागणारं जग नवं होतं. विकार कारखान्याने तयार केला नाही. तो कारखान्यात लपेनासा झाला.

यानंतरचं साल १९३७. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या डोकेदुखीवर उपाय म्हणून बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन बघत होते. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास अचानक सुधारला. ती शांत बसायला लागली. उत्तेजक औषधाने माणूस शांत होतो हे उलटंच वाटतं, पण आजच्या उपचारांची सुरुवात तिथूनच झाली. आणि त्याच १९३७ मध्ये मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देशातलं असं पहिलंच. म्हणजे 'मुलगा वाईट नाही, त्याला मदत हवी आहे' हा विचार आपल्यापासून साठ किलोमीटरवर तेव्हाच पोचला होता. आपल्या स्टेशनवर मात्र तो अजून उतरायचाय.

दहा वर्षांनी फाळणी झाली. कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींमध्ये एक लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कॅम्पचं उल्हासनगर झालं. घर गेलेलं, गाव गेलेलं, एका बराकीत चार कुटुंबं आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. अशा वेळी कोणाचं लक्ष अभ्यासात लागत नाही हे कोण विचारणार? पण एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. भीती, दुःख, ताण, झोपमोड यांनीही लक्ष उडतं, विसरायला होतं, चिडचिड होते. बाहेरून बघणाऱ्याला ते आणि एडीएचडी अगदी सारखंच दिसतं. उपाय मात्र वेगळे. म्हणून निदान डॉक्टरकडूनच हवं, रील बघून नाही.

आता "हे लहान मुलांचं असतं" याकडे वळू. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६८ च्या नियमावलीत या विकाराचं नावच 'बालपणातली अतिचंचलता' असं होतं. १९८० मध्ये पहिल्यांदा नावात 'लक्ष' हा शब्द आला, आणि मोठेपणी काही लक्षणं उरतात हेही मान्य झालं. २०१३ मध्ये प्रौढांसाठी निकष वेगळा केला. मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणं लागतात, १७ वर्षांपुढे पाच पुरेशी. कारण मोठा माणूस बाकावर उड्या मारत नाही. त्याची धावपळ आत चालू असते. म्हणजे आज जो माणूस पन्नाशीचा आहे, त्याच्या शाळेच्या दिवसांत या विकाराची ओळख आपल्याकडे जवळपास कोणालाच नव्हती. त्याला मिळाल्या त्या छड्या.

आणि याच पन्नाशीतल्या माणसाचं शहर त्याच्या डोळ्यांसमोर बदललं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, गिरणगावातली कुटुंबं स्वस्त घरासाठी इकडे सरकत गेली. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास. झोप कापली गेली. १९९५ मध्ये देशात मोबाइल आला, २०१६ मध्ये डेटा फुकटच्या भावात मिळाला, आणि प्रत्येकाच्या खिशात दर दोन मिनिटांनी दार वाजवणारी वस्तू आली. आठवतंय ना, क्रिक्टनचा माणूस नुसत्या दाराच्या आवाजाने विचलित होत होता!

मोबाइलने एडीएचडी होतो असं सिद्ध झालेलं नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. पण ज्याला तो आहे, त्याच्यासाठी मोबाइल म्हणजे उतारावरच्या गाडीला मागून दिलेला धक्का.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी बघतात. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का? एकाच ठिकाणी नाही, तर घर, काम, पैसा, नाती अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का? आणि त्याने खरंच नुकसान होतंय का? गेल्या दोन वर्षांतच सुरू झालं असेल तर आधी झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य तपासावं लागतं.

उपचार आहेत. मेथिलफेनिडेट हे जुनं, अभ्यासलेलं औषध आपल्याकडे मिळतं, पण ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. त्यामुळे तज्ज्ञाची चिठ्ठी लागते आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ते नसतं. दुसऱ्या प्रकारचं अॅटोमॉक्सेटिनही आहे. रक्तदाब, हृदय तपासूनच ही औषधं देतात. मित्राची गोळी घेऊन बघायची नाही. औषधाबरोबर समुपदेशन आणि साध्या सोयी लागतात. बिलं ऑटो-पेवर टाकणं, किल्लीला एकच खिळा, काम लिहून भिंतीवर लावणं. चष्मा लावणाऱ्याला आपण "डोळ्यांवर ताबा ठेव" म्हणत नाही. इथेही तेच.

आता मुद्द्याचं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज असा की सुमारे अडीच टक्के प्रौढांना हा विकार असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या वर होती. त्यात प्रौढ सहा लाख धरले तरी पंधरा हजार माणसं होतात. गर्दीच्या वेळच्या दोन-तीन लोकल खचाखच भरतील एवढी! यांना तपासणीसाठी ठाणे नाहीतर मुंबई गाठायला सांगणं म्हणजे ज्याला वेळ पाळणंच जमत नाही त्याला आधी वेळ पाळून दाखव म्हणण्यासारखं आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम १८, स्पष्ट सांगतो की या सेवेसाठी माणसाला लांब जावं लागू नये, ती त्याच्या घराजवळ मिळावी. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, एडीएचडीचं नाव त्यात नाही, त्यामुळे नोकरीत सवलत मागायची तरी अडचण. म्हणून मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला रस्ता, पाणी यांच्याबरोबर एक प्रश्न विचारा: आमच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसांची ही तपासणी आठवड्यातून किती दिवस होते? आणि ती संध्याकाळी, लोकल परत आल्यावर, कधी होणार?

तोवर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. निदान फोनवर होणार नाही, पण पुढे कुठे जायचं ते विचारता येईल.

आणि घरातल्या त्या 'वेंधळ्या'ला आज एक गोष्ट विचारा. "तू असं का करतोस?" हे नाही. ते त्याने पहिलीपासून ऐकलंय. "लहानपणापासून असंच होतं का रे?" एवढंच विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.