पारणं नसलेला उपवास



गेल्या पर्युषणात माझी चौदा वर्षांची नात म्हणाली, "आजी, मला अठाई करायची आहे." मला कोण कौतुक वाटलं! सूनबाई मात्र गप्प होती. रात्री तिने मला नातीचे सैल झालेले कपडे दाखवले. महिनाभर शाळेचा डबा भरलेलाच परत येत होता.

तिनेच मला हॅरिएट ब्राउन या अमेरिकन आईचं 'ब्रेव्ह गर्ल ईटिंग' हे २०१० सालचं पुस्तक दिलं. त्यांच्या मुलीलाही चौदाव्या वर्षी ॲनोरेक्सिया झाला. म्हणजे भूक असून न खाण्याचा, जिवावर बेतणारा आजार. इंग्रजी वाचायला मला वेळ लागला, पण सोडवलं नाही.

या आजाराला नाव मिळालं १८७३ साली, लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांच्याकडून. अशा रुग्णाची देखभाल घरच्यांनी करू नये, असं त्यांचं मत होतं. पुढे कित्येक वर्षं दोष आईवरच येत राहिला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं. ते चिडचिडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. म्हणजे उपासमारीनेच मन बिघडतं. पुढे १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आईवडिलांनाच उपचारात घेतलं. ब्राउन दांपत्यानेही तेच केलं. मुलीजवळ बसून, तिचं रडणं-ओरडणं सोसून, रोज प्रत्येक घास खाऊ घातला.

वाचताना मला आपली अठाई आठवत होती. आपण गुरूंकडून पच्चक्खाण घेतो, सगळ्यांना सांगतो आणि पारण्याचा दिवस ठरलेला असतो. नातीचं न खाणं लपवलेलं होतं आणि त्याला पारणंच नव्हतं. तत्त्वार्थसूत्रातल्या सोळा भावनांमध्ये तप आहे, पण ते 'शक्तितः', आपल्या शक्तीप्रमाणे. हे मी लहानपणी पाठ केलं होतं, अर्थ आता कळला.

आम्ही अठाईला नाही म्हटलं आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. उपचार अजून सुरू आहेत. रोज दुपारी मी तिच्याशेजारी जेवायला बसते. कधी अर्धी पोळी खायला तास लागतो.

यंदा चातुर्मासात एखादी मुलगी उपवास मागेल, तेव्हा अनुमोदना करण्याआधी तिचा डबा पाहा, बायांनो. मी उशिरा पाहिला.