गिटार हीरो आणि रॉक बँड : गीतयाद्या

अमेरिकेतील दोन प्रतिस्पर्धी संगीत-तालाधारित व्हिडिओ गेम मालिकांतील गाण्यांचे संच. ‘गिटार हीरो’ (२००५) आणि ‘रॉक बँड’ (२००७) या दोन्ही मालिकांची घडण मुळात एकाच कंपनीने केली. ती म्हणजे मॅसॅचुसेट्समधील केंब्रिज येथील हार्मोनिक्स. पडद्यावर खेळाडूच्या दिशेने सरकत येणाऱ्या रंगीत खुणा पाहून प्लास्टिकच्या गिटारवरील हिरवे, लाल, पिवळे, निळे व नारिंगी बटण दाबायचे आणि नेमक्या क्षणी तारेच्या जागी असलेली पट्टी छेडायची, एवढेच खेळाचे स्वरूप. गिटार वाजवण्याची ही रीत दोन्हींकडे जवळपास सारखी होती. त्यामुळे काही वर्षांतच स्पर्धा गाण्यांच्या निवडीवर येऊन ठेपली.

पार्श्वभूमी : जपानच्या कोनामी कंपनीचा ‘गिटारफ्रीक्स’ हा आर्केड खेळ याआधीचा (१९९९), त्यातील बरीच गाणी कंपनीच्या पदरी असलेल्या संगीतकारांनी रचलेली होती. अमेरिकेत रेडऑक्टेनने गिटारचे यंत्र आणि हार्मोनिक्सने खेळ केला. २००६ मध्ये ॲक्टिव्हिजन या खेळ-प्रकाशक कंपनीने रेडऑक्टेन विकत घेतली आणि त्याच वर्षी एमटीव्हीने हार्मोनिक्स. परिणामी ‘गिटार हीरो’ हे नाव एकीकडे गेले आणि ते घडवणारी मंडळी दुसरीकडे. त्यामुळे ‘गिटार हीरो’चा तिसरा भाग (२००७) नेव्हरसॉफ्ट या दुसऱ्या कंपनीने केला.

मूळ ध्वनिमुद्रण आणि नक्कल : गीतयाद्यांची तुलना करताना बहुतेक जण गाण्यांची नावे मोजतात. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने पाहता अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : जे वाजते ते मूळ कलावंताचे आहे की दुसऱ्याने वाजवलेले? खेळाडूची खूण चुकली की गाण्यातला फक्त गिटारचा आवाज गप्प होतो, ढोल व गायन चालूच राहते. यासाठी प्रत्येक वाद्य सुट्या पट्ट्यावर असलेली मल्टिट्रॅक फीत लागते. बाजारातल्या सीडीवरून हे साधत नाही. शिवाय हक्कांचे दोन थर असतात. गाण्याच्या रचनेचा हक्क प्रकाशकाकडे, तर त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. नक्कल करायची तर पहिल्याशी बोलणी पुरतात, मूळ मुद्रण हवे तर दोघांशी करावी लागतात.

पहिल्या ‘गिटार हीरो’त ४७ गाणी होती : ३० प्रसिद्ध आणि १७ अतिरिक्त. प्रसिद्ध गाण्यांच्या नकला कॅलिफोर्नियातील वेव्हग्रुप या स्टुडिओने करून दिल्या. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे कॅसेटवर खपलेल्या व्हर्जन गाण्यांशी या प्रकाराचे नाते आहे. मात्र येथे वादकांचे कसब चांगलेच वरच्या दर्जाचे होते. गिटारचा पोत, ॲम्प्लिफायरची खरखर, मूळ वादकाची लकबही उतरवलेली आढळते. गायनात मात्र फरक लगेच कानाला जाणवतो. ही नक्कल इतकी हुबेहूब असणे एकदा कोर्टापर्यंत गेले. ‘गिटार हीरो’च्या ऐंशीच्या दशकातील गाण्यांच्या आवृत्तीत आपल्या गाण्याची नक्कल आपल्याच आवाजाशी फार मिळतीजुळती आहे, असा दावा ‘द रोमँटिक्स’ या वाद्यवृंदाने २००७ मध्ये ॲक्टिव्हिजनविरुद्ध केला. तो पुढच्या वर्षी फेटाळला गेला.

‘रॉक बँड’च्या पहिल्या डिस्कवर ५८ गाणी होती आणि त्यांतील बहुतांश मूळ मुद्रणे होती. हा फरक एमटीव्हीच्या संगीतक्षेत्रातील ओळखींमुळे पडला असे सामान्यतः मानले जाते. उत्तरादाखल ‘गिटार हीरो ३’नेही मूळ मुद्रणांचे प्रमाण वाढवले. जेथे जुन्या फिती हाती लागल्या नाहीत तेथे वेगळी वाट काढली गेली : सेक्स पिस्टल्सनी ‘अनार्की इन द यू.के.’ आणि लिव्हिंग कलरने ‘कल्ट ऑफ पर्सनॅलिटी’ हे गाणे खेळासाठी स्टुडिओत पुन्हा वाजवले. २००८ च्या शरद ऋतूत ‘रॉक बँड २’ (डिस्कवर ८४ गाणी) व ‘गिटार हीरो वर्ल्ड टूर’ (८६ गाणी) आले, तेव्हा दोन्ही याद्या संपूर्णपणे मूळ मुद्रणांच्या होत्या. नकलेचा काळ तीन वर्षांतच संपला.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये सीडीवर आणि त्याच वेळी ‘गिटार हीरो ३’साठी डाउनलोड म्हणून निघाला. सीडीवरील आवाज इतका दाबून मोठा केला होता की ढोलाचे ठोके फाटल्यासारखे ऐकू येत. खेळाकडे गेलेल्या सुट्या पट्ट्यांवर मात्र हा संस्कार झालेला नव्हता. श्रोत्यांनी दोन्हींचे तरंगालेख शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला. आपल्याकडे मिश्रण आले तेव्हाच ते तसे दाबलेले होते, असे मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी म्हटले. एका प्रसिद्ध अल्बमची ऐकण्याजोगी प्रत खेळण्याच्या गिटारीसोबत मिळावी, हे ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे.

निवडीचे धोरण : ‘गिटार हीरो’ची यादी गिटारवादकाच्या नजरेतून घडली. डीप पर्पल, ब्लॅक सबाथ, ओझी ऑस्बॉर्न, पँटेरा असा तिचा कणा. दुसऱ्या भागाचा (२००६) शेवट ‘फ्री बर्ड’ने होतो. तिसऱ्या भागात श्रेयनामावलीवर येणारे ड्रॅगनफोर्सचे ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ या धोरणाचे टोक होय. सर्वांत कठीण पातळीवर त्यात ३,७२२ खुणा आहेत. सुरुवातीच्याच तुकड्यात एका हाताने हिरवे बटण धरून ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वरची बटणे टिपावी लागतात. मुरलेले खेळाडूही पहिल्या दोन टक्क्यांत बाद होत.

‘रॉक बँड’मध्ये गिटारसोबत बेस, ढोल व गायन आले. चौघांना एकाच वेळी काम मिळेल असे गाणे शोधणे ही निराळीच कसोटी होती. ‘येह येह येह्ज’चे ‘मॅप्स’ गिटारवाल्याला सोपे वाटते, पण ढोलवाल्याचा घाम काढते. रेडिओहेडचे ‘क्रीप’ गायकासाठी आहे. उलट ‘द हू’च्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये गायक बराच वेळ माइक हातात धरून उभा असतो. प्रस्तुत नोंदीच्या मते ‘रॉक बँड’ची यादी वैविध्यात सरस, तर ‘गिटार हीरो’ची कसरतीत, खेळाडूंमध्ये याबाबत एकमत नाही.

दोन्ही याद्या जितक्या भिन्न सांगितल्या जातात तितक्या त्या नव्हत्या. २००८ च्या दोन्ही खेळांत ‘एव्हरलाँग’, ‘आय ऑफ द टायगर’, ‘रॅम्बलिन मॅन’ आणि ‘गो युअर ओन वे’ ही गाणी सामाईक आहेत.

स्थानिक वाद्यवृंद : हार्मोनिक्सच्या अतिरिक्त गाण्यांत बॉस्टन परिसरातील फ्रीझपॉप, बँग कमारो, अनार्की क्लब इत्यादी वृंद आढळतात; काहींत कंपनीचेच कर्मचारी होते.

एका वृंदाला वाहिलेले खेळ : ‘गिटार हीरो’ने एरोस्मिथ (२००८), मेटॅलिका व व्हॅन हेलन (२००९) यांना स्वतंत्र आवृत्त्या दिल्या. ‘रॉक बँड’कडे बीटल्स आले. ‘द बीटल्स : रॉक बँड’ हा ४५ गाण्यांचा खेळ ९ सप्टेंबर २००९ रोजी, बीटल्सच्या सुधारित सीडींसोबतच प्रकाशित झाला. सुरुवातीची गाणी दोनच पट्ट्यांवर मुद्रित असल्याने वाद्ये सुटी करण्याचे काम जाइल्स मार्टिन यांच्या देखरेखीखाली झाले. भारतीय वाद्यांचा आवाज या यादीत सर्वांत ठळकपणे ‘विदिन यू विदाउट यू’ आणि ‘टुमॉरो नेव्हर नोज’ यांच्या जोडगाण्यात ऐकू येतो. जॉर्ज हॅरिसन यांनी जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून ज्याचे वादन करून घेतले, ते ‘द इनर लाइट’ खेळात नाही. लेड झेपेलिन दोन्हींपैकी कोणाच्याही हाती लागले नाहीत.

डाउनलोड आणि जुनी गाणी : ‘रॉक बँड’ने नोव्हेंबर २००७ पासून दर आठवड्याला नवी गाणी विकली. एका गाण्याची किंमत साधारण दोन डॉलर होती. एप्रिल २०१३ मध्ये ‘अमेरिकन पाय’ने हा क्रम थांबला तेव्हा उपलब्ध गाण्यांची एकूण संख्या चार हजारांवर गेली होती. पहिल्या डिस्कवरील ५८ पैकी ५५ गाणी थोडे शुल्क भरून दुसऱ्या भागात नेता येत. ‘एंटर सँडमन’, ‘रन टू द हिल्स’ व ‘पॅरनॉइड’ ही तीन मागे राहिली. ‘गिटार हीरो ५’मध्ये ‘वर्ल्ड टूर’च्या ८६ पैकी ३५च गाणी नेता आली. दुकानातल्या यादीत न दिसणारा हा हिशेब ग्राहकाला पुढे जाणवला.

मोबदल्याचा वाद : वॉर्नर म्युझिकचे प्रमुख एडगर ब्रॉन्फमन यांनी २००८ मध्ये खेळांकडून मिळणारी रक्कम फारच तुटपुंजी असल्याचे म्हटले. ॲक्टिव्हिजनचे बॉबी कोटिक यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. गाण्यांना मिळणारी प्रसिद्धी पाहता रेकॉर्ड कंपन्यांनीच पैसे द्यावेत, असे त्यांनी सुचवले. याचा गीतयाद्यांवर किती परिणाम झाला याविषयी मतभेद आहेत.

अखेर : फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’ विभाग बंद केला. २०१५ मध्ये दोन्ही मालिका परतल्या. ‘रॉक बँड ४’ने आधी विकत घेतलेली बहुतेक गाणी चालवून घेतली. ‘गिटार हीरो लाइव्ह’ने जुनी यादी सोडून दिली; त्याच्या डिस्कवर ४२ गाणी होती आणि बाकीची इंटरनेटवरून चालणाऱ्या वाहिनीवर. १ डिसेंबर २०१८ रोजी ती वाहिनी बंद झाल्यावर डिस्कवरची ४२च उरली. ‘रॉक बँड ४’साठी नवी गाणी जानेवारी २०२४ पर्यंत निघत होती.